कोंड्यावर घेतलेली लेक

शाळेच्या पटावर शहाऐंशी पोरं. त्यातली पंच्याऐंशी बानूबाईला खिचडीबाई म्हणायची आणि एक पोरगी आई म्हणायची. ती पोरगी म्हणजे तिसरीतली निकिता. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांच्या ताटल्या सारख्याच पुढं यायच्या, पण हिची ताटली आली की बानूबाईचा डाव पातेल्याच्या तळाला जायचा, कारण हिला बुडाला लागलेली खिचडी आवडायची. मागची पोरं गलका करायची, ‘खिचडीबाई, आमाला बी खरपुडी.’ बानूबाई मान वर न करता म्हणायची, ‘तुमच्या आयांना सांगा जा करपवायला.’

खरं तर निकिता तिची लेक नव्हती. बानूबाईला लेकरूबाळ झालंच नाही. नवरा ज्ञानोबा काविळीनं गेला त्यालाही वीस वर्षं झाली. तेरच्या अलीकडं तेरणेच्या काठाला जी वाडी आहे, तिच्या खालच्या आळीत तिचं पत्र्याचं घर, आणि भिंतीला भिंत लावून धुरपदाबाईचं घर. धुरपदाबाईला दोन लेक. थोरला महारुद्र शेती बघायचा, धाकटा युवराज शिकून जर्मनीला नोकरीला गेला. निकिता ही महारुद्राची, शिवलीलाच्या पोटची. बानूबाईनं तिला विकत घेतली होती.

ते असं झालं. शिवलीलाचं पहिलं लेकरू अकराव्या दिवशी गेलं, दुसरं तीन महिन्यांचं होऊन गेलं. तिसरीच्या वेळी दवाखान्यातून बाळंतीण घरी आली त्याच दिवशी धुरपदाबाईनं भिंतीवरून आवाज दिला, ‘बाने, उद्या उनं वर आली की मागल्या दारानं ये. येताना पदरात मूठभर कोंडा आन.’

कशाला म्हणून बानूबाईनं विचारलं नाही. ज्या घरात लेकरू टिकत नाही तिथलं लेकरू सुपात घालून उंबऱ्याबाहेर परक्याला विकायचं, म्हणजे सटवाई हुडकत आली तरी तिला वाटावं, हे ह्या घरचं नव्हंच. ही रीत आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ होती. परकी म्हणून बानूबाईच का, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. जिच्या घरात मरायला कुणी उरलंच नव्हतं अशी आळीत ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी मागल्या दारात धुरपदाबाईनं सूप पुढं केलं. ‘घे गं बाई. कोंड्यावर जातीय, फुकट न्हाय.’ बानूबाईनं कोंडा तिच्या ओंजळीत टाकला आणि सूप घेतलं. मग तेच लेकरू ‘जरा पाजशील का गं माझ्या लेकीला’ म्हणत तिनं शिवलीलाच्या मांडीवर दिलं. शिवलीला रडत रडत पाजायला लागली, आणि ते पाजणं दुसऱ्याच्या लेकराला पाजणं आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरलं. हा सौदा लग्नापर्यंतचा. लग्नात बानूबाईला लुगडं-चोळी द्यायची आणि लेक परत घ्यायची. तोवर शिवलीलानं तिला माझी म्हणायचं नाही, आणि लेकीनं शिवलीलाला आई म्हणायचं नाही.

शिवलीलानं हे एवढं पाळलं की डोस द्यायला आलेल्या नर्सबाईनं ‘गोड आहे हो तुमची मुलगी’ म्हटलं तरी ती घाईनं म्हणायची, ‘माझी न्हाय, शेजारनीची हाय.’ नर्सबाई कार्डाकडं बघायची, कार्डावर आईचं नाव शिवलीला. निकिता तिला वैनी म्हणायला शिकली आणि भिंतीपलीकडच्या बानूबाईला आई.

पोरगी जगली. धडधाकट जगली. आणि दोन वर्षांपूर्वी महारुद्र आणि शिवलीला येडशीहून मोटारसायकलवर येताना ट्रकनं दोघांनाही एकाच जागी पाडलं, तेव्हा सहा वर्षांची निकिता बानूबाईच्या घरात शेवया वाळत घालत होती. सांत्वनाला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हळूच एकमेकींना म्हणाल्या, ‘पोरगी इकलेली होती म्हनून उरली बघ.’ बानूबाईनं ते ऐकलं. तिला ते खरंच वाटलं.

आता घरात धुरपदाबाई आणि निकिता. धुरपदाबाईचं वय शहात्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू, काळजाची झडप ढिली. युवराज आणि त्याची बायको अक्षरा ह्यांना आठ वर्षांत मूल नव्हतं. त्यांनी ठरवलं की निकिताला दत्तक घ्यायचं आणि जर्मनीला न्यायचं. युवराजला वाटलं होतं, पुतणीच आहे, तिकीट काढलं की झालं. पण पुतणी झाली तरी देश बदलायचा म्हटलं की कागद लागतात. जर्मनीतल्या संस्थेचा अहवाल, दिल्लीच्या ऑफिसची परवानगी, जिल्ह्याच्या बाल संरक्षणवाल्यांनी घरी येऊन केलेली चौकशी, आजीची संमती, आई-बापाच्या मृत्यूचे दाखले, पोरीची स्वतःची संमती, आणि शेवटी कलेक्टर कचेरीतून दत्तकाचा आदेश. वर्षभर ईमेल चालले. मग उरलेलं उरकायला युवराज सहा आठवड्यांची रजा टाकून आला.

परदेशी गेल्यापासून युवराज मराठी बोलताना मध्येच थांबायचा, रस्ता ओलांडणारा माणूस दोन्हीकडं बघतो तसा. ‘काकू, ही सगळी जस्ट... म्हणजे काय म्हणतात... फॉर्म्यालिटी हाय.’

‘व्हय का,’ बानूबाई म्हणायची. ‘मग रोज कशाला जातूस उस्मानाबादला?’

‘धाराशिव म्हणायचं आता, काकू.’

‘म्हनते. पर जातूस कशाला?’

तो जायचा उत्तरेश्वरकडं. कचेरीबाहेरच्या लिंबाखाली उत्तरेश्वरचं टेबल. तीस वर्षं तो लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं लिहीत आलेला. आधी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक खरखरणारा प्रिंटर. तो बोलायला लागला की माणूस बोलतोय की कागद ते कळायचं नाही. चहावाल्याला तो सांगायचा, ‘सदर टेबलावर दोन चहा, आणि उपरोक्त साहेबांना एक बिनसाखरेचा.’ युवराजची फाईल त्यानं वंशावळीपासून बांधत आणली होती. खापरपणजोबापर्यंत सगळी नावं, कुणाचं लेकरू कोण, रेघा ओढून. एका जागी येऊन फाईल अडली. शाळेच्या दाखल्यावर.

जन्माच्या दाखल्यात आईचं नाव शिवलीला होतं. शाळेच्या दाखल्यात आईचं नाव होतं बानूबाई.

युवराज मुख्याध्यापकांकडं गेला. कल्याणप्पा गुरुजी निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, कुठल्याही वाक्याला दोन तोंडं ठेवून बोलणारे. ‘हे बघा युवराजभाऊ, ह्यात माझी चूक म्हणाल तर हाय, आणि न्हाय म्हणाल तर न्हाय बी. मी पोरीला विचारलं, बाळ, आईचं नाव सांग. ती म्हणाली बानूबाई. मी तुमच्या वहिनीकडं बघितलं, ती माउली खाली बघायला लागली. तेवढ्यात ह्या बानूबाईनं तिकडून डाव वर करून सांगितलं, व्हय गुरुजी. आता तिघीजणी एक सांगतायत म्हटल्यावर मी एकट्या पुरुषानं काय लिहायचं?’

‘पण गुरुजी, तुम्हाला ठाऊक होतं की.’

‘ठाऊक म्हणाल तर होतं,’ गुरुजी म्हणाले, आणि पुढचं तोंड ह्या वेळी बंद ठेवलं.

रजिस्टरसमोर, सरकारी पेनासमोर ‘माझी लेक’ म्हणायला शिवलीला भ्याली होती. एवढंच ते होतं. पण आता ते सांगायला शिवलीला नव्हती.

नाव दुरुस्त करता येईल, उत्तरेश्वर म्हणाला, अर्ज करू. तोवर चौकशीला येणाऱ्या मॅडमसमोर कुणी काही जादा बोलायचं नाही. तो मुद्दाम वाडीला येऊन सांगून गेला. ‘विचारलं तेवढंच उत्तर. आजी, तुम्ही तर फक्त व्हय आणि न्हाय. त्याच्या पुढं एक शब्द नाही.’

‘आमी कशाला बोलतोय,’ धुरपदाबाई म्हणाली.

मॅडम आल्या मंगळवारी. स्कूटीवरून, तोंडाला ओढणी बांधून, पाठीवर सॅक. बाई स्वभावानं मऊ होती. धुरपदाबाईशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसली आणि छापील कागदावरचे प्रश्न विचारायला लागली. बानूबाई दारात चौकटीला टेकून उभी.

‘मुलीच्या आवडीनिवडी काय आहेत, आजी?’

‘आवडीनिवडी? खाती की. समदं खाती.’

‘आणि स्वभाव कसा आहे?’

धुरपदाबाई दोन मिनिटं कशीबशी तुटक उत्तरांवर राहिली होती, आता तिला राहवेना. ‘सोभाव लई गोड. आईवर गेलीय. आईसारखीच गप गप काम करती.’

‘शिवलीलाताईंवर.’

‘न्हाय वो. शिवलीला तर तोंडाळ होती. बानूवर गेलीय.’

मॅडमचं पेन थांबलं. युवराज खोकला. म्हातारीला एकच डोळा, आणि तो मॅडमकडं होता. त्याचं खोकणं तिला दिसलं नाही.

‘बानू म्हणजे कोण?’

‘ही काय, दारात उभारलीय. तिला इकली न्हवं का आमी पोरगी. पाच दिसाची असताना. कोंड्यावर.’

मॅडमनं पेन ठेवलं आणि निकिताला जवळ घेतलं. ‘बाळा, तुझी आई कुठं असते?’

निकितानं दाराकडं बोट केलं. ‘ती काय.’

‘आणि शिवलीला?’

‘ती वैनी. ती वारली.’

मग सगळे एकदम बोलायला लागले. युवराज मराठी, इंग्रजी आणि मधल्या थांब्यांत, धुरपदाबाई रीत सांगत, कोंडा किती होता तेही सांगत. मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ‘मला कळतंय. पण मला जे सांगितलं ते मला लिहावं लागतं. हा कागद दिल्लीला जाणार, तिथून जर्मनीला. तिथं बसलेल्या माणसाला फक्त “विकलं” एवढा एकच शब्द दिसणार. मूल विकलं म्हटलं की दत्तक थांबतं आणि दुसरीच चौकशी सुरू होते.’

जाताना त्या बानूबाईला बाजूला गोठ्याकडं घेऊन गेल्या. ‘मावशी, एक सरळ विचारते. तुम्हाला ही मुलगी हवी आहे का? तुमचं काही म्हणणं असेल तर आत्ता सांगा, मी नोंदवते. नंतर उपयोग नाही.’

बासष्ट वर्षांत बानूबाईला तुला काय हवं असं कुणी विचारलं नव्हतं, ते ह्या परक्या बाईनं विचारलं. तिच्या जिभेवर व्हय येऊन बसलं. तिनं आपल्या पत्र्याच्या घराकडं पाहिलं. महिन्याचं मानधन, गुडघे, पुढची दहा वर्षं. निकिता अठराची होईल तेव्हा आपण बहात्तरच्या, असलो तर. मग हिला कोण. हा हिशेब तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

‘माजं काय म्हननं न्हाय,’ ती म्हणाली. ‘पोरगी जाऊ द्या तिकडं.’

‘मग तुम्हाला तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. की तुम्ही तिला कधी विकत घेतलं नाही, तुमचं तिच्याशी नातं नाही. आजीही त्यांचा जबाब नीट देतील. ते सगळं लावून मी अहवाल देईन.’

‘घेतली न्हाय म्हनून लिवायचं?’

‘हो.’

पोरगी सोडायची हे बानूबाईनं त्या गोठ्यापाशी ठरवलं होतं. पण घेतलीच नव्हती असं म्हणायचं म्हणजे दुसरं काहीतरी. आठ वर्षं ज्या एका सांगण्यावर ही पोरगी जगली, ते सांगणं खोटं होतं असं आपणच आपल्या तोंडानं, सरकारी शिक्का मारून सांगायचं. जिच्यापासून लपवली तिला हाक मारून सांगायचं, बाई गं, ही त्याच घरची.

संध्याकाळी ती धुरपदाबाईकडं गेली. ‘आक्का, कसं करावं?’

‘मला काय इचारतीस?’ धुरपदाबाई पालेभाजी निवडत होती, पण पानं आणि काड्या एकाच ढिगात टाकत होती. ‘मला ग्वाड वाटतंय व्हय? दोन नातवं म्या पुरली. लेक गेला, सून गेली. आता ही तेवढी. तू सोडलीस आन हिला काय झालं तर?’

‘मग सोडू नगं म्हनतीस?’

‘आन न्हाय सोडलीस तर माज्या मागं ती कुनाच्या दारात?’

युवराज लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. ‘आई, काकू, काय बोलायलाव तुम्ही दोघी? कुठल्या जमान्यात हाव? कोंडा काय, सटवाई काय. अपघात ट्रकनं झाला.’

‘मग तुज्या जर्मनीच्या गाडीत लिंबू कशाला लटकलंय रं?’ बानूबाई म्हणाली. ‘फोनवर दिसलं मला.’

‘ते अक्षरानं बांधलंय,’ युवराज म्हणाला आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये बघायला लागला. थोड्या वेळानं, वर न बघता, अगदी वाडीतल्या पोरासारखा म्हणाला, ‘काकू, माझी रजा सरत आलीय. ह्या खेपेला झालं न्हाय तर पुन्हा दोन वर्षं. आईकडं बघा जरा.’

बानूबाईनं आक्काकडं बघितलं. तिचे ओठ निळसर दिसत होते. दोन वर्षं तिच्यात नव्हती.

शुक्रवारी ती एसटीनं धाराशिवला गेली, युवराजसोबत. उत्तरेश्वरनं तिला स्टूल दिलं, चष्मा वर सरकवला आणि वाचायला लागला. वाचताना त्याचा आवाज घंटेसारखा व्हायचा. ‘मी, बानूबाई भ्रतार ज्ञानोबा, वय वर्षे बासष्ट, धंदा मजुरी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, कुमारी निकिता महारुद्र हिच्याशी माझा कोणताही नातेसंबंध नाही, नव्हता व राहणार नाही. सदर मुलीस मी विकत, दत्तक अगर अन्य कोणत्याही प्रकारे कधीही घेतलेले नाही. सदर मुलगी मला आई असे संबोधत असल्यास ते केवळ शेजारधर्माने व अजाणतेपणी होय. सदर मुलीवर माझा कसलाही हक्क, दावा, हितसंबंध नाही.’

‘एवढं नाही-नाही कशाला लिवलंय?’

‘मावशी, एकदा नाही लिहिलं तर वरचं ऑफिस विचारतं, कधीपासून नाही? म्हणून पुढचं-मागचं सगळं बांधून टाकायचं.’

‘घेतली होती, आता देते, असं लिवता येत न्हाय?’

‘येतं की. मग फाईल जर्मनीला न जाता ठाण्यात जाईल, आणि मागनं तुम्ही आणि आजी.’

‘हे कोन कोन वाचनार?’

‘इथले साहेब, दिल्लीवाले, जर्मनीवाले.’

‘आन तिच्या कपाळावर लिवनारी?’

युवराजनं तोंड फिरवलं. उत्तरेश्वरनं मात्र चष्मा काढला. त्याचा थोरला भाऊ, जगावा म्हणून, जन्मल्या जन्मल्या त्याच्या आईनं उकिरड्यावर ठेवून उचललेला, आणि शाळेपासून रेशनकार्डापर्यंत त्या भावाचं नाव उकिर्डा असंच होतं. त्याचे सगळे कागद उत्तरेश्वरनंच लिहिले होते. तो कागदाच्या भाषेतून खाली उतरला. ‘मावशे, तिचं वाचन जुनं. तिला हे टाइपिंग लागत न्हाय, असं समज आन कर अंगठा.’

बानूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. तिनं अंगठा पुढं केला. उत्तरेश्वरनंच तो धरला, शाईवर टेकवला, कागदावर दाबला. दोन प्रतींवर दोनदा.

अंगठा दिल्यापासून नवव्या दिवशी निकिताला ताप आला.

शाळेत अजून चार पोरांना आला होता. वाडीत तापाची साथच होती. डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. पण बानूबाईनं त्या तीन दिवसांत दोन वेळा खिचडीत मीठ टाकलं नाही आणि एकदा दुप्पट टाकलं. कल्याणप्पा गुरुजी म्हणाले, ‘खारट म्हणाल तर खारट हाय.’ शाळा सुटली की ती धुरपदाबाईच्या ओट्यावर येऊन बसायची, आत जायची नाही. आतून पोरगी हाक मारायची. ही उठायची आणि पुन्हा बसायची. आपण जवळ गेलो तर बरं की लांब राहिलो तर बरं, हेच तिला ठरवता येईना. चौथ्या दिवशी ताप उतरला. पोरगी शाळेत आली, ताटली पुढं केली. बानूबाईनं तळाची खिचडी वाढली आणि तिचा हात पाहिला, किती बारीक झाला ते.

मग उत्तरेश्वरचा निरोप आला. साहेबांपुढं पेशी लागली आहे. साहेब पोरीला एकटीला विचारणार. पोरीनं तिथं बोट करून आई ती काय म्हटलं तर अंगठा, जबाब, दुरुस्ती, सगळं वाया. तिला नीट समजवा.

‘कुनी समजवायचं?’ धुरपदाबाईनं विचारलं.

‘ती कुणाचं ऐकते?’ युवराज म्हणाला.

ती एकाच माणसाचं ऐकायची.

शाळेच्या चुलीपाशी, तांदूळ निवडताना, बानूबाईनं तिला शिकवायला घेतलं.

‘म्हन. बानूबाई शेजारी राहतात.’

‘आई शेजारी राहती.’

‘आई न्हाय. बानूबाई. आन राहतात.’

‘बानूबाई राहतात,’ निकिता म्हणाली आणि हसत सुटली. तिला तो खेळ वाटला. तांदळातला खडा सापडला की एकीकडं ठेवायचा, तसं चुकून आई म्हटलं की एक खडा तिच्या नावावर. पहिल्या दिवशी अकरा पडले.

‘तुजी आई कोन?’

‘शिवलीला.’

‘कुठाय?’

‘वारली. आई, मी वैनीला आई म्हनू लागले तर वैनीला राग येईल?’

‘न्हाय येनार.’ बानूबाईनं सूप पाखडलं. ‘लई दिसापास्नं वाट बघत असंल ती. आन हा अकरावा खडा.’

दुसऱ्या दिवशी पाच पडले, तिसऱ्या दिवशी दोन. पोरगी हुशार होती, पाढे सुद्धा तिचे असेच लवकर पाठ व्हायचे. शनिवारी मैदानातून खेळता खेळता ती ओरडली, ‘बानूबाई, पाणी द्या.’ बाकीची पोरं हसली. ‘खिचडीबाई म्हन गं,’ एकजण म्हणाला. बानूबाईनं तांब्या भरून दिला. त्या दिवशी एकही खडा पडला नाही आणि सोमवारीही पडला नाही.

पेशीच्या दिवशी निकिताला नवा फ्रॉक. साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर धुरपदाबाई, बानूबाई आणि युवराज. आत पोरगी, साहेब आणि त्या मॅडम. दार लोटलेलं, पण कडी नव्हती, आणि पोरीचा आवाज पाढे म्हणताना जसा लागतो तसा स्पष्ट लागला होता.

‘काका-काकूंकडं जायचंय तुला?’

‘हो.’

‘लांब आहे बरं का. कुणी जबरदस्ती केली का?’

‘नाही. मला तिथं शाळा आहे. बर्फ पण आहे.’

‘तुझी आई कुठं आहे?’

‘माझ्या आईचं नाव शिवलीला. ती वारली.’

‘आणि बाहेर त्या बाई आल्यात, बानूबाई, त्या कोण?’

युवराजनं बाकाची कड धरली. बानूबाईनं डोळे मिटले. मनातल्या मनात तिला असंही वाटून गेलं की आता चुकली तर बरं. ते वाटलं आणि तिला आपलीच लाज वाटली.

‘त्या शेजारी राहतात,’ निकिता म्हणाली. ‘शाळेत खिचडी करतात.’ मग जरा थांबून, न शिकवलेलं एक वाक्य, ‘लई चांगली करतात.’

साहेब हसले. कागदाचा आवाज आला.

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे, आदेश निघेल. उत्तरेश्वर लिंबाखालून उठून आला आणि ‘उपरोक्त प्रकरणी अभिनंदन’ म्हणाला. युवराज बायकोला फोन लावत झेरॉक्सकडं गेला, धुरपदाबाई ओळखीच्या जीपमध्ये टेकली. पायरीवर निकिता बानूबाईच्या शेजारी येऊन बसली.

‘बरोबर सांगितलं का?’

‘बरोबर सांगितलंस.’

‘आता म्हनू का?’

काय म्हणू, ते बानूबाईला कळलं. समोर कुणी साहेब नव्हता, मॅडम आत गेल्या होत्या. एकदा म्हटलं असतं तर कुठल्या कागदात उतरलं नसतं. पण जीभ एकदा जुन्या वाटेला लागली की पुन्हा पहिल्यापास्नं.

‘आता न्हाय,’ ती म्हणाली. ‘पासपोर्टवाले इचारनार हायत अजून.’

‘त्याच्यानंतर?’

‘त्याच्यानंतर तुला इमान हाय.’

निकितानं विचार केला. ‘मग कधी?’

‘चल,’ बानूबाई म्हणाली. ‘आज्जी जीपमधी येईल. आपली एसटी चुकंल.’

स्टँडवर बाजाराची गर्दी होती. तेरची गाडी लागली तशी माणसं दाराकडं धावली, कुणाचं तरी पोतं मध्ये आलं आणि हात सुटला. बानूबाई दोन पावलं पुढं ढकलली गेली. मागं पोरगी गर्दीत बुडाली, नुसता फ्रॉकचा तुकडा दिसला, आणि मग घाबरलेली, रडायला आलेली हाक आली.

‘बानूबाई. ओ बानूबाई.’

तिनं लोकांना कोपरानं बाजूला केलं आणि मागं वळली. ‘हितं हाय,’ ती म्हणाली. ‘हितं हाय मी.’